आवळा फुलतो भरभरून, फळ मात्र नाही. काय करू?

माजघर | 11 फेब्रुवारी

नमस्कार मंडळी. बरेच दिवस नुसती वाचनमात्र होते, आज गरजेपोटी लिहितेय.

आम्ही साताऱ्यात राहतो. घरामागे मोरीच्या पलीकडे आवळ्याचं झाड आहे. नऊ वर्षांपूर्वी रोपवाटिकेतून 'मोठा आवळा, कलमी' म्हणून आणलं. जात कुठली, असं विचारलं तर तिथला माणूस म्हणाला, "ताई, मोठा म्हणजे मोठा." मीही मुकाट्याने पैसे दिले.

झाड आता वरच्या गॅलरीच्या कठड्याला टेकलंय. दर वर्षी होळी-पाडव्याच्या सुमाराला बारीक पिवळट फुलांनी काड्या भरून जातात. मधमाश्या इतक्या की कपडे वाळत घालताना जपून जावं लागतं. खाली फरशीवर पिवळा भुसा पडतो, तो मी रोज झाडते. सासूबाई दर वर्षी म्हणतात, "यंदा नक्की धरणार." आणि मग काहीच नाही. नऊ वर्षांत एकूण दोन आवळे. त्यातला एक खारीने नेला.

शेणखत, निंबोळी पेंड, आंबट ताक, मासळी धुतल्याचं पाणी, सगळं घालून झालं. कुणी सांगितलं म्हणून मूठभर युरियाही दोनदा घातला. शेजारी जास्वंद आणि कर्दळ आहे, त्यांच्याबरोबर नळीने रोज पाणी मिळतं. ऊन चांगलं आहे.

तुळशीच्या लग्नाला दर वर्षी मंडईतून आवळे आणते आणि ते घेऊन आमच्याच आवळ्याखालून घरात येते. लाज वाटते हो. नेमकं चुकतंय काय?

खवचट_काका | 11 फेब्रुवारी

आवळा देऊन कोहळा काढतात हे ऐकून होतो. तुमचा आवळा स्वतःच कोहळा मागतोय असं दिसतं. हलके घ्या.

ओसरी | 11 फेब्रुवारी

रोज पाणी? तिथेच घोडं पेंड खातंय.

माझं माहेर बारामतीकडचं, वडिलांची कागदी लिंबाची बाग होती. लिंबाला बहार धरायचा तर आधी ताण द्यावा लागतो. पाणी तोडायचं, पानं मलूल होऊन थोडी गळायला लागली की मग खत आणि पाणी सोडायचं. झाडाला एकदा वाटलं पाहिजे की आता आपलं काही खरं नाही, मग ते पोराबाळांचा विचार करतं. वडील हस्त बहाराच्या मागे असायचे, कारण ती लिंबं उन्हाळ्यात येतात आणि भाव तेव्हाच असतो. पण हस्ताचा पाऊस थांबेल तर ताण बसेल ना! दर वर्षी आभाळाकडे बघत शिव्या.

इथे पुण्यात माझ्या अंगणातल्या लिंबाला कामवाल्या मावशी प्रेमाने रोज बादलीभर पाणी घालायच्या. चार वर्षं नुसता पाला. पाणी बंद केलं, पाचव्या वर्षी लिंबं. तुम्हीही पाणी तोडा, युरिया तर अजिबात नको.

हिशेबनीस | 11 फेब्रुवारी

ओसरीताई, एक मिनिट. ताण कशासाठी देतात? फुलं यावीत म्हणून. माजघर यांच्याकडे फुलं येतात, भुसा झाडावा लागतो इतकी येतात. फूलच येत नाही ही एक तक्रार आणि फूल येऊन फळ धरत नाही ही दुसरी. लिंबाचं औषध आवळ्याला देण्याआधी दुखणं कुठलं ते ठरवा.

ओसरी | 11 फेब्रुवारी

बरं बाबा. तरी रोज पाणी नकोच.

फणसपोळी | 12 फेब्रुवारी

आमच्याकडे देवगडला आजोबांचा उपाय होता. न धरणाऱ्या झाडाखाली दोघांनी जायचं. एकाने कोयता उगारायचा, "हे काय कामाचं? तोडतो आज." दुसऱ्याने हात धरायचा, "राहू दे रे, पुढच्या वर्षी देईल ते." बिमलीपाशी हा प्रयोग झालेला मी स्वतः बघितलाय. कोयतेवाले आजोबा, हात धरणारा मी, वय वर्षं सात. मला हे नाटक आहे हे कुणी सांगितलंच नव्हतं. मी भोकाड पसरलं, आजोबा घाबरले, झाड हसलं असावं. पुढच्या वर्षी बिमली लागली, आता कुणाला श्रेय द्यायचं ते द्या.

फणसाच्या बुंध्यावर कोयत्याचे वार करायचीही पद्धत आहे. त्यात थोडं तथ्य असावं. सालीला जखम झाली की पानांत तयार झालेलं अन्न मुळाकडे जायचं अडतं आणि वर साठतं. पण बेताने. आमच्या एका शेजाऱ्याने उत्साहात बुंध्याभोवती गोल सालच काढली. झाड उभ्या उभ्या वाळलं.

खवचट_काका | 12 फेब्रुवारी

आमच्या हापिसात दर एप्रिलला हाच प्रयोग होतो. एक साहेब कोयता उगारतो, दुसरा हात धरतो. फळ अजून कुणाला लागलेलं नाही.

दूरदेशी | 12 फेब्रुवारी

अवांतर: कुंडीत आवळा होतो का? इथे टेक्सासमध्ये हिवाळ्यात आत घ्यावा लागेल. बी रुजलंय, वीतभर झालंय, पानं रात्री मिटतात. मुलं त्याला 'झोपाळू झाड' म्हणतात.

वडाची_पारंबी | 12 फेब्रुवारी

काहीतरी वेगळंच दुखणं असणार. आमच्या दारात एकच आवळा आहे, खत नाही, पाणी नाही, कुणी लक्ष देत नाही आणि फांद्या वाकेपर्यंत लागतो. वर्षातून दोनदा! खोडाला चिकटून घोसच्या घोस. पोरं मीठ-तिखट लावून खातात. मेला कुणी कोयताही दाखवत नाही.

हिशेबनीस | 12 फेब्रुवारी

पारंबीताई, फळाला उभ्या फुगीर पाकळ्या आहेत का, भोपळ्यासारख्या? पिवळट पांढरं, मऊ आणि झणझणीत आंबट?

वडाची_पारंबी | 12 फेब्रुवारी

हो हो तोच!

हिशेबनीस | 12 फेब्रुवारी

तो रायआवळा. नात्यातला आहे पण झाड वेगळं. त्याचं एकटं झाड खुशाल धरतं. च्यवनप्राशातला, मोरावळ्याचा तो हा नव्हे.

वडाची_पारंबी | 12 फेब्रुवारी

अगंबाई. पन्नास वर्षं आम्ही आवळा म्हणून खातोय.

मु_पो_म्हापसा | 13 फेब्रुवारी

खा हो, चवीला कोण नाव विचारतो! आमच्याकडे हे दोन्ही मिठाच्या पाण्यात पडतात.

कलमकसाई | 13 फेब्रुवारी

चार दिवस गावी होतो, धागा आत्ता पाहिला. फळझाडांच्या रोपवाटिकेत सव्वीस वर्षं डोळे भरण्यात, म्हणजे कलमं करण्यात गेली, म्हणून हे टोपणनाव. थोडं सविस्तर लिहितो, कारण आवळ्याच्या बाबतीत ही तक्रार मी शेकड्याने ऐकली आहे.

हिशेबनीस यांनी नस बरोबर पकडली. फुलं येतात म्हणजे झाड वयात आलंय, ऊन पुरेसं आहे. आवळ्यात नरफुलं वेगळी आणि मादीफुलं वेगळी, दोन्ही एकाच झाडावर. तुम्ही झाडता तो पिवळा भुसा बहुतेक सगळा नरफुलांचा आहे. ती हजारोंनी येतात आणि गळतात, त्यांचं कामच ते. मादीफुलं त्या मानाने मोजकी. किती मोजकी, हे जातीवर अवलंबून. बनारसी नावाची जुनी उत्तरेकडची जात आहे, फळ मोठं आणि सुरेख, पण मादीफुलं कमी, त्यामुळे धरतं थोडं. याउलट एनए 7 ही जात भरपूर मादीफुलं देते आणि लवकर धरते. एनए म्हणजे नरेंद्र आवळा, अयोध्येजवळ कुमारगंजला कृषी विद्यापीठ आहे, तिथली निवड. कांचन आणि कृष्णा याही तिथल्याच. आपल्याकडे ज्याला 'मोठा आवळा' म्हणून विकतात, तो यांतला कुठलाही असू शकतो. विकणाऱ्यालाही माहीत नसतं, हे मी आतला माणूस म्हणून सांगतो.

आता दुसरी आणि मोठी गोष्ट. कलमी आवळा स्वतःच्याच परागावर नीट धरत नाही. म्हणून बागेत दोन-तीन जाती मिसळून लावायला सांगतात, एक ओळ या जातीची, एक त्या जातीची. एकाच जातीची दोन कलमं लावून उपयोग नाही. कलम म्हणजे त्याच झाडाचा तुकडा, तेव्हा ते एकच झाड दोनदा लावल्यासारखं झालं. डोंगरात बियांपासून वाढलेली झाडं एकमेकांपासून वेगळी असतात, म्हणून तिथे हा प्रश्न येत नाही.

माजघर, तुमच्या आसपास शे-दोनशे पावलांवर दुसरा आवळा आहे का? नसेल तर माझ्या मते दुखणं हेच. झाडात दोष नाही, ते एकटं आहे.

ओसरीताईंचं पाण्याबद्दलचं म्हणणं अर्धं बरोबर आहे. फुलं उमलत असताना आवळ्याला पाणी देऊ नये, फुलगळ वाढते. फळ धरून नवी पालवी आली की द्या. युरिया मात्र पूर्ण बंद.

आणि जाता जाता खोड बघा. सालीवर लाकडाच्या भुशाचं आणि विष्ठेचं जाळं लोंबत असेल तर साल खाणारी अळी आहे. जाळं झाडून टाका, भोक सापडेल, त्यात तार घाला, मग रॉकेलचा बोळा आणि वरून चिखल. नऊ वर्षांच्या झाडाला हमखास सापडते.

खवचट_काका | 13 फेब्रुवारी

थोडक्यात, तुळशीचं लग्न लावता तसं आवळ्याचंही उरकून टाका. पत्रिका जुळवायला कसाई आहेतच.

माजघर | 13 फेब्रुवारी

कसाई (अहो, असं हाक मारताना कसंसंच होतं), खूप आभार. आत्ताच जाऊन बघून आले. अळी आहे! फांदीच्या बेचक्यात तपकिरी जाळं होतं, मी आजवर कोळ्याचं समजून सोडून देत होते. भोकात तार घातली तर आत बोटभर गेली. बोळा लावला.

दुसरा आवळा जवळपास नाही. कोपऱ्यावरच्या घरी होता, तो त्यांनी गाडी लावायच्या शेडसाठी तोडला. कधी तोडला ते आठवत बसले तर आमचे ते दोन आवळे आले त्याच्या पुढच्या वर्षी. अंगावर काटा आला.

पण दुसरं झाड लावायला माझ्याकडे जागा नाही. आहे त्याच झाडाने अर्धं आकाश व्यापलंय.

हिशेबनीस | 13 फेब्रुवारी

दोन फळांवरून निष्कर्ष काढू नका. पण गोष्ट रंजक आहे, हे मान्य.

ओसरी | 13 फेब्रुवारी

माझं अर्धं तरी बरोबर निघालं. या धाग्यावर तेही पुष्कळ.

कलमकसाई | 14 फेब्रुवारी

जागा नसली तरी चालेल, झाडावरच दुसरी जात बसवता येते. अंगठ्याएवढी एखादी बाजूची फांदी आता, फुलं यायच्या आधी, हातभर ठेवून छाटा. तिला धुमारे फुटतील. जून-जुलैत, हवेत ओल आली की त्या धुमाऱ्यावर दुसऱ्या जातीचा डोळा भरायचा. नखाएवढा सालीचा चौकोन, मधे डोळा. तेवढ्याच मापाची साल धुमाऱ्यावरून काढायची, तिथे तो बसवायचा आणि प्लॅस्टिकच्या पट्टीने बांधायचा, डोळा तेवढा उघडा. तीन आठवड्यांत हिरवा राहिला तर जगला. ती फांदी फुलायला दोन-तीन वर्षं लागतील, पण नंतर तुमचं झाड स्वतःचा स्वतःच नवरदेव.

यंदापुरतं एक सोपं करा. बागाईतदार गरजेला करतात तो उपाय. तुमच्या झाडाला फुलं आली की दुसऱ्या आवळ्याच्या फुललेल्या चार फांद्या आणा, पाण्याच्या बादलीत उभ्या करा आणि बादली झाडात टांगा. माश्या आहेतच, बाकीचं त्या बघतील. दुसरा आवळा डोंगरी असला तर उत्तमच.

फणसपोळी | 14 फेब्रुवारी

बादलीतला नवरदेव. वरात एसटीने आणा.

आजीचा_बटवा | 15 फेब्रुवारी

हे सगळं वाचून आमचं गाव आठवलं. विहीर बांधताना तळाशी आवळ्याचं लाकूड घालायचे, पाणी गोड राहतं म्हणून. पाण्यात ते कुजत नाही. आणि कार्तिकात आवळीभोजन. झाडाखाली सारवून, पानं मांडून जेवायचं, भाताच्या मुदीवर आवळ्याची बारीक पानं पडायची आणि ती काढायची नाहीत. तेव्हा गावात आवळे इतके होते की झाड एकटं पडायचा प्रश्नच नव्हता.

मोरावळ्याची कृती हवी असेल तर वेगळा धागा काढते. इथे आवळ्याची मोट होईल.

हिशेबनीस | 15 फेब्रुवारी

काढाच. पण 'आवळा शिजवला तरी क जीवनसत्त्व अजिबात कमी होत नाही' हे वाक्य लिहिलंत तर मी तिथे येईन.

आजीचा_बटवा | 15 फेब्रुवारी

मुद्दाम लिहिणार.

माजघर | 19 मार्च

झाड फुललंय. कसाईंनी सांगितलं म्हणून नवऱ्याचं टपाल तिकिटांचं भिंग घेऊन एक काडी बघितली. आयुष्यात पहिल्यांदा.

ज्याला मी आजवर आवळ्याचं 'पान' समजत होते, ती मुळी काडी आहे, आणि तिच्या दोन्ही बाजूंची हिरवी टिकली हे एकेक पान. खालच्या निम्म्या काडीला पानांच्या बगलेत फुलांचे झुबके, बारीक देठावर लोंबणारे, मधे पिवळा ठिपका. हात लावला की झडतात. टोकाकडे गेलं की एखाददुसरं फूल वेगळं दिसतं. त्याला देठ जवळजवळ नाहीच, बुडाशी हिरवी फुगीर गोळी आणि वर तीन बोटांसारखं फाटलेलं काहीतरी. तेच मादीफूल ना? दहा काड्या तपासल्या. सहांवर एकही नाही, तिघींवर एकेक, एकीवर तीन.

आजपासून पाणी बंद.

कलमकसाई | 19 मार्च

तेच. छान बघितलंत. फार नाहीत, पण आहेत. आता बादली.

माजघर | 23 मार्च

वरात आली. माहेर वाईचं. तिथे डोंगराच्या कडेला चुलत्यांच्या पडीक रानात दोन डोंगरी आवळे आहेत, फळ सुपारीएवढं. भावाने पहाटे फुललेल्या फांद्या तोडून दिल्या. ओल्या फडक्यात बुंधे गुंडाळून, पाणी घातलेल्या बादलीत उभ्या करून एसटीत चढले. कंडक्टर म्हणाले, "झाडाचं अर्धं तिकीट काढू का?" शेजारच्या आजींनी विचारलं, कसली पूजा आहे. मी म्हटलं, लग्न आहे. त्या पुढे काही बोलल्याच नाहीत.

दोन बादल्या केल्या. एक गॅलरीच्या बाजूच्या फांदीला, सुंभाने बांधून. दुसरी टांगायला उंच शिडी नव्हती, म्हणून ती खालीच बुंध्याशी ठेवली. फांद्या तीन दिवस बऱ्या राहिल्या, चौथ्या दिवशी सगळ्या काड्या बादलीत गळून पडल्या. रोज सकाळी त्या फांद्या आमच्या फुलांवर झटकतही होते. नवऱ्याने फोटो काढून घरच्या ग्रुपवर टाकला, 'मांत्रिक' असं लिहून.

खवचट_काका | 23 मार्च

आहेर काय द्यायचा? निंबोळी पेंड चालेल?

हिशेबनीस | 23 मार्च

एक सूचना. गॅलरीकडची बाजू आणि विरुद्ध बाजू, फळं वेगवेगळी मोजा. नाहीतर उद्या ओसरीताई म्हणतील पाण्याने झालं, कसाई म्हणतील बादलीने, आणि फणसपोळी म्हणतील कोयता दाखवला असता तर दुप्पट आले असते.

ओसरी | 23 मार्च

मी म्हणणारच आहे.

माजघर | 30 एप्रिल

काही नाही हो. फुलं झडून गेली. नवी पालवी आलीय, झाड हिरवंगार, पण भिंग घेऊनही फळ म्हणावं असं काही दिसत नाही. टोकांना मोहरीएवढ्या काही गाठी आहेत, त्या गेल्या वर्षीही असतील. सासूबाई काही बोलल्या नाहीत, हेच जास्त लागलं.

फणसपोळी | 30 एप्रिल

कोयता पाठवू का?

कलमकसाई | 1 मे

घाई करू नका. ही आवळ्याची खासियत आहे आणि याच ठिकाणी लोक नाद सोडतात. आंब्याचं कसं, फळ धरलं की वाटाणा, सुपारी, कैरी, डोळ्यांदेखत वाढतं. आवळ्याचं फळ मार्च-एप्रिलमध्ये धरतं आणि झोपतं. सगळा उन्हाळा ते मोहरीएवढंच राहतं. पाऊस लागून हवा बदलली की जुलै-ऑगस्टात जागं होतं आणि मग भराभर वाढतं. तुम्ही म्हणता त्या गाठी टिकून आहेत का, एवढंच बघा. न धरलेलं मादीफूल एव्हाना गळून गेलं असतं.

आता पाणी चालू करा, आठवड्यातून एकदा, पण भरपूर. आणि छाटलेल्या फांदीला धुमारे आलेत का?

माजघर | 1 मे

धुमारे आलेत, पेन्सिलीएवढे. गाठी मोजायला बसले तर मान दुखायला लागली, पण आहेत.

दूरदेशी | 2 मे

माझं कुंडीतलं झोपाळू झाड गेलं. जास्त पाणी. ओसरीताई, काही बोलू नका.

ओसरी | 2 मे

(गप्प बसले आहे.)

माजघर | 14 जुलै

वाईच्या झाडाचे डोळे आणून भरले. कसाईंनी व्यक्तिगत निरोपात पायरी पायरीने सांगितलं. पाच भरले. पहिल्याची साल काढताना ब्लेडने अंगठाच कापला, तो डोळा रक्ताने माखला म्हणून टाकून दिला. मग सासूबाई पुढे आल्या. त्यांनी आयुष्यभर अळूच्या शिरा सोललेल्या, त्यांचा हात माझ्यापेक्षा हलका. उरलेल्या चारांतले तीन त्यांनी भरले.

माजघर | 9 ऑगस्ट

मंडळी!! सकाळी कपडे काढायला गॅलरीत गेले तर कठड्यापलीकडे, अगदी नाकासमोर, काडीला चिकटून हिरवे गोल आवळे. बोरांएवढे. परवापर्यंत नव्हते, शपथेवर सांगते. मी ओरडले, सासूबाईंना वाटलं साप निघाला.

डोळ्यांपैकी दोन हिरवे आहेत. दोन्ही सासूबाईंचे.

कलमकसाई | 9 ऑगस्ट

परवाही होते, दिसत नव्हते. अभिनंदन. शेंड्याकडे कुठे काडी फुगून गाठ आली असेल तर तेवढा तुकडा कापून जाळा, आत अळी असते. बाकी काही करू नका. सासूबाईंना माझा नमस्कार सांगा आणि रोपवाटिकेत नोकरी हवी का विचारा.

वडाची_पारंबी | 10 ऑगस्ट

आमच्या 'आवळ्या'लाही लागलेत हो, खोडभर. पण आता पूर्वीसारखा अभिमान वाटत नाही.

आजीचा_बटवा | 10 ऑगस्ट

वाटू दे गं. रायआवळ्याचं लोणचं कर आणि त्या कलमी आवळ्याला वाकुल्या दाखव.

हिशेबनीस | 2 नोव्हेंबर

वर काढतोय. माजघर, आकडे?

माजघर | 24 नोव्हेंबर

उशीर झाला, दिवाळी आणि पाहुणे. आकडे लिहून ठेवलेत, हिशेबनीस.

एकूण 41. त्यातले गॅलरीच्या, म्हणजे टांगलेल्या बादलीच्या बाजूला 29. मागच्या बाजूला 12. दोन पोपटांनी टोचले, ते धरून. मोठे आहेत, लिंबाएवढे, खाली थोडे चपटे, सालीवर फिकट सहा रेघा. चव तुरट, पाणी प्यायलं की गोड, आवळा तो आवळाच.

कार्तिकात झाडाखाली फरशी धुऊन जेवायला बसलो. बटवाताईंनी सांगितल्याप्रमाणे भातावर पडलेली पानं काढली नाहीत. तुळशीच्या लग्नाला घरचे आवळे. मंडईतल्या आवळेवालीने विचारलं, यंदा आला नाहीत, तर काय सांगू तिला असं झालं.

ओसरी | 24 नोव्हेंबर

पाणी बंद केलं होतं ना फुलात? झालं तर मग.

कलमकसाई | 24 नोव्हेंबर

मागच्या बाजूचे 12 पाण्याचे, पुढचे 29 बादलीचे. वाटून घेऊ, ओसरीताई.

हिशेबनीस | 24 नोव्हेंबर

गॅलरीची बाजू कुठल्या दिशेला? दक्षिणेला असेल तर तिथे ऊनच जास्त, फुलंही जास्त असणार. शिवाय एक बादली बुंध्याशी होती आणि माश्या काही बाजू पाळत नाहीत. एका वर्षावरून काही सिद्ध होत नाही.

माजघर | 24 नोव्हेंबर

दक्षिणेलाच आहे :-(

हिशेबनीस | 24 नोव्हेंबर

वाटलंच. मग पुढच्या वर्षी मागच्या बाजूला बादली टांगा आणि पुन्हा मोजा.

फणसपोळी | 24 नोव्हेंबर

आणि त्याच्या पुढच्या वर्षी कोयता. शास्त्र म्हणजे शास्त्र.

कलमकसाई | 25 नोव्हेंबर

पुढच्या वर्षीही वाईच्या फांद्या लागतीलच, भरलेले डोळे इतक्यात फुलणार नाहीत. आणि माजघर, एक राहिलं. दोन्ही बाजूंची थोडी फळं वेगळी ठेवली असतील तर बी फोडून बघा. आठोळीत तीन कप्पे असतात, प्रत्येकात दोन बिया. भरलेल्या किती आणि पोचट किती, दोन्ही बाजूंचं मोजलंत तर हिशेबनीसांचं थोडं समाधान होईल.

माजघर | 25 नोव्हेंबर

ठेवली होती. दोन वेगळ्या परड्यांत, चिठ्ठ्या लावून. काल संध्याकाळी मी बाहेर गेले होते तेवढ्यात सासूबाईंनी सगळे एकत्र किसले. आठोळ्या म्हणे कुंडीत टाकल्या, "उगवतील, आपल्या झाडाला सोबत."